पुरून उरलेली

लिंबाच्या झाडाखाली, गेल्या वर्षी मार्चमध्ये
मी एक पिशवी पुरली.
हिरव्या पानाचं चित्र असलेली.
विक्रेता म्हणाला होता, मातीत मिसळते बाई,
बटाट्याच्या सालीसारखी.
मातोझिन्योशची माती रेताड,
समुद्र दोन गल्ल्या पलीकडे.
मी म्हटलं, बघू.

काल कुदळ घेतली. चौदा महिने झाले.
गांडुळं होती, लिंबाची पांढरी मुळं होती,
आणि पिशवी होती.
जराशी सुरकुतलेली, बाकी धडधाकट.
अंगठ्यानं चिखल पुसला तर लेबलसुद्धा वाचता आलं:
एर्मेरा, तिमोर. डोमिंगासचा मळा.
पुरून उरणं म्हणतात ते हेच.

विक्रेत्याला फोन केला.
तो म्हणाला, घरची माती नव्हे हो,
कारखान्यातली, अठ्ठावन्न अंशांची.
तसा कारखाना जवळपास कुठे आहे?
तो थोडा वेळ खोकला.
माझ्याकडे भट्टी आहे, दोनशे अंशांची,
पण तिच्यात मी बिया भाजते.

भाजलेली बी तीन-चार दिवस उसासे टाकत राहते.
कोंडली तर पिशवी फुगते,
मोकळी सोडली तर खारा वारा आत शिरतो
आणि जर्दाळूच्या वासाची कॉफी
आठवड्यात ओल्या वर्तमानपत्रासारखी लागते.
म्हणून तर जुन्या पिशवीला तीन थर,
प्लास्टिक, ॲल्युमिनियम, पुन्हा प्लास्टिक,
असे चिकटलेले की आता कुणालाच वेगळे करता येत नाहीत.
वर बटणाएवढी झडप, उसाशांपुरती.

कागद वापरून पाहिला.
दिसायला किती साधा, किती सज्जन!
एव्हारिश्तू, कोपऱ्यावरचा कॅफेवाला,
आठ किलो परत घेऊन आला.
तक्रार केली नाही,
एक कप करून माझ्यापुढे ठेवला फक्त.
मी प्यायले. सगळा प्यायले.
डोंगरउतारावर उभं राहून कुणीतरी
एकेक लाल फळ निवडून तोडलं होतं.
ते असं वाया गेलं, तर हा कचरा
कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा?

काच पाहिली. पोस्टाचा खर्च ऐकून ग्रासिएत म्हणाली,
नाकापेक्षा मोती जड.
ग्रासिएत माझी बहीण, हिशेब तिच्याकडे.

शेवटी लांबच्या गिऱ्हाइकांसाठी
एकाच जातीच्या प्लास्टिकची पिशवी घेतली. थर नाहीत, चमक नाही.
हिरवं पान काढून टाकलं.
त्या जागी छापलं:
ही मातीत मिसळत नाही. पुरू नका, मी पुरून पाहिलंय.
पिवळ्या डब्यात टाका.
आणि कॉफी महिन्याभरात संपवा.
डोमिंगासचं नाव तेवढं मोठं केलं.
छापखान्यातला मुलगा म्हणाला, असं कुणी लिहीत नाही.
बरं, म्हटलं.

उकरलेली पिशवी धुऊन खिळ्याला लावलीय,
गल्ल्याच्या वर.
नवे विक्रेते येतात, तिच्याकडे बघतात,
आणि नमुने बॅगेतून जरा हळू काढतात.

गावातल्या गिऱ्हाइकांसाठी पत्र्याचे डबे.
घट्ट झाकणाचे, दोन युरो अनामत,
रिकामा आणा, भरून न्या.
चाळीस डबे गेले.
सहा महिन्यांत फिरते राहिले सव्वीस.
उरलेल्यांची मी चौकशी केली.
दोना आल्सीराच्या डब्यात बटणं आहेत,
नवऱ्याच्या कोटांची; कोट कधीच देऊन टाकले.
एकात मासे धरायचे गळ.
एव्हारिश्तूच्या डब्यात टिपचे पैसे,
तो म्हणतो, नाण्यांना आता कॉफीचा वास येतो.
एक कुणाच्या नातीनं शाळेत नेला, त्यात काय आहे
ते ती सांगत नाही.

महिनाअखेर मी वहीत लिहिलं:
डबे चौदा, हरवले.
ग्रासिएतनं चष्मा वर सरकवला,
माझा शब्द खोडला
आणि स्वतःच्या बारीक अक्षरात लिहिलं:
नांदताहेत.