पाणसळ

उद्यमबागेत एकतीस वर्षं लेथवर उभा राहिलो.
सुताइतका फरक पडला तरी माल परत यायचा.
फंडाच्या पैशातून जुनी टेंपो ट्रॅव्हलर घेतली
तेव्हा शेजारचा ईरण्णा वेल्डर एवढंच म्हणाला,
'सतरा सीटा काढून आत काय घालतासा?'
घर, म्हटलं.

आता आत एक खाट, खाटेखाली कप्पे,
दोन बर्नरची शेगडी, पाच किलोचा सिलिंडर,
आणि पाण्याची टाकी, जी मी टपावर लावणार होतो.
'घाटात डोक्यावर पाणी नको,' ईरण्णा म्हणाला,
'वळणावर गाडी वळते, पाणी सरळ जातं.'
मग खाली चासीला पट्ट्या मारल्या. रात्री अकरापर्यंत ठिणग्या.

संक्रांत झाली की निघायचं.
कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर मी रस्ता काढलाय:
पिरनवाडी, किणये, जांबोटी,
पुढं कणकुंबी. तिथं मोबाईल स्वतःच ठरवतो
आपण कुठल्या राज्यात आहोत ते,
आणि गोव्यात स्वागत असो म्हणतो, अजून चहासुद्धा झालेला नसताना.
झाडाच्या फांद्या किती खाली येतात, माहीत नाही.
टपाची उंची नऊ फूट दोन इंच. दारावर आतून लिहून ठेवलीय.

फॉरेस्टला अर्ज कन्नडात हवा होता. ईरण्णानं लिहिला.
वाहनाचा प्रकार, या ओळीवर तो थांबला,
डोकं खाजवलं, आणि लिहिलं: मने.
म्हणजे घर, त्यांच्यात.
आमच्यात याचा अर्थ वेगळा,
पण फार लांबचा नाही.

भागीरथीचे प्रश्न दोनच.
पहिल्याचं उत्तर म्हणून मी मागं पडदा लावला
आणि झाकणाची बादली आणली. ती बादलीकडं बघून गप्प.
दुसरा अवघड:
'डोंगरात गाडी तिरकी लागली तर डोकं कुणीकडं करून झोपायचं?'

म्हणून पाणसळ काढली. कंपनीतली, पितळेची,
निरोपाच्या दिवशी फोरमननं बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं.
चाकाखाली घालायला फळ्या कापल्या, एक इंची, दोन इंची,
आणि मेव्हण्याला फोन लावला.
भीमगडाच्या रानाकडेला त्याचं गाव. डांबर अलीकडंच संपतं.

'भरमाणी, गाडी लावायला जरा सपाट जागा बघून ठेव.
झोपायचं, जेवायचं, सगळं गाडीतच आहे. तुला त्रास नाही.'
पलीकडं नुसती कोंबडी ओरडत राहिली.
मग म्हणाला,
'भावजी, घर घेऊन येतासा?
मग आमच्या घराला काय टाळं लावू?'

मी सोलर पॅनेलचं सांगू लागलो.
भागीरथीनं हातातून फोन काढून घेतला,
आणि पाऊण तास तिच्या गावची मराठी बोलली
जी माझ्याशी बोलताना ती जरा इस्त्री करून बोलते.
शेवटी हसत हसत खुर्चीत बसली.
म्हणाली, 'आमची पडवी उतरती होती.
रात्री सहा भावंडं ओळीनं झोपायचो,
सकाळी सगळी भिंतीला, एका ढिगात.
खाली कायम भरमाणी.'

मी पानावर तिसऱ्या रात्रीसमोर लिहिलेलं
'सपाट जागा' खोडलं.
काय लिहायचं ते सुचेना.
'उकडा तांदूळ न्यायचा नाही,' ती म्हणाली, 'तो देईल.
गाडी खळ्यात लाव. कोंबड्या बसतील आत, बसू देत.'

ती झोपली. मी फळ्या मोजून दोरीनं बांधल्या.
पाणसळ ओट्यावर राहिली होती, उचलायला गेलो
तर बुडबुडा मधे नव्हता.
ओटा फिरून बघितला, फरशी बघितली, उंबरा.
कुठंच नव्हता.
सव्वीस वर्षं झाली या घरात आम्हाला.


डोकं कुणीकडं करून झोपतो, ते आजच बघितलं.