सध्याचा वापर

येरणगावची जुनी कचेरी मोजायला मला पाठवलं
तीस मीटरचा टेप, एक शिपाई
आणि चार पानांचा फॉर्म देऊन.

टेप मीटरचा, इमारत फुटांची.
भिंत सत्तावीस इंच.
अडुसष्ट पूर्णांक अठ्ठावन्न सेंटिमीटर लिहिलं
तेव्हा ती जरा लाजल्यासारखी वाटली.

मोजता मोजता ऐकत होते:
अभ्यासिका करा.
छे, मंगल कार्यालय, पार्किंगले जागा बक्कळ.
ठमके नगरसेवकांना हवेत गाळे,
दर्शनी कमान तेवढी ठेवून,
"फोटोत बरी दिसते."
संडास कुठे बसवायचा हे कुणी सांगितलं नाही.
ज्यांनी ही बांधली त्यांना तो आत नकोच होता.
वायरिंगसाठी छिन्नी मारली
तर चुना पिठासारखा गळला, वीट हलली नाही.
खजिन्याच्या खोलीला कुलूप,
किल्ली कुणा लेखापालाबरोबर
बदलून गेली चंद्रपूरला.

गफूरमियाँना घरून घेऊन आले, रिक्षात बसवून.
त्यांनी भिंतीला हात लावला, बोटं हुंगली.
"महिनाभर चुना भिजवा लागते.
त्यात बेलाचा गर, गूळ, उडदाचं पाणी."
मी दरसूची उघडली.
बेलफळाचा दर नव्हता.
सिमेंटचा होता, पान तेवीस.
"भिंतीले घाम येऊ द्या लागते, बाई.
सिमेंटात तिचा जीव कोंडते."
हे कुठल्या शीर्षाखाली घालू?

चुना तिकडे हायवेच्या अंगानंही आहे,
प्लॉटच्या रेषा आखण्यापुरता.
परवा हरभरा होता तिथे आज साईसृष्टी, फेज दोन.
तिकडची माणसं गावाला जुनी वस्ती म्हणतात
आणि भाजीसुद्धा बायपासवरून घेतात.
नवं प्रशासकीय भवनही तिकडेच गेलं,
लिफ्टसकट. लिफ्ट बंद असते.

दुपारी व्हरांड्यातली सावली सरकली
तसा देवाजी नन्नावरेंनी टेबल दोन फरशा सरकवला.
अर्जनवीस. एकेचाळीस वर्षं, याच खांबाशी.
टाइपरायटरचा ळ झिजून गेलाय;
'मिळावे' टाइप केलं की मधेच एक काना उभा राहतो,
छत गेलेल्या खांबासारखा.
ळ ते मागून पेनानं भरतात.

समोरचं जोडपं साईसृष्टीतलं.
प्लॉट नंबर बावन्न, दोघांना विकलेला.
नव्या भवनानं सांगितलं, ऑनलाइन करा.
ऑनलाइननं सांगितलं, कार्यालयात या.
देवाजी म्हणाले, "रडून झालं का? मंग नाव सांगा."

पायऱ्यांवर पोलीस भरतीची पोरं.
एक पोरगी कमानीच्या लोखंडी कडीला लोंबकळून
उंची वाढवत होती.
"ताई, मले मोजता का?"
भिंतीशी उभी केली, टेप धरला.
एकशे त्रेपन्न पूर्णांक पाच.
दीड कमी.
ती परत कडीला लोंबकळली.

रकाना सात: सध्याचा वापर.
जागा दोन शब्दांची.
साहेबांनी फोनवर समजावलं,
"निरंक लिहा, मॅडम.
निरंक लिहिलं तरच पुनर्वापराचा निधी.
वापर दाखवला की ते अतिक्रमण,
अतिक्रमण म्हणजे आधी नोटीस, मग हटवणी."
शिपाई टेप गुंडाळत होता.
शेवटचा हात त्याच्या मुठीतून सटकला
आणि पट्टी सळसळत आत गेली.

पेन उघडून किती वेळ बसले ठाऊक नाही.
पाकोळ्यांनी फॉर्मच्या कोपऱ्यावर आपलं मत टाकलं.
मग उठले, साईसृष्टीच्या जोडप्यामागे
बाकाच्या टोकाशी बसले, नंबर लावून.

"तुमचं काय हाय, बाई?"
म्हटलं, अर्ज. सीओ साहेबांना.
रकाना सात अपुरा आहे. जास्तीचं पान…
"तीस रुपये," ते म्हणाले, कागद चढवला,
आणि मी काही सांगायच्या आधीच
शेवटची ओळ टाइप करून मोकळे झाले.
काना तिथे एकटा उभा होता.
त्यांनी पेनाचं टोपण काढलं.