ळ

मालक म्हणाला, अक्षरं अशी काढ
की बस उभी असली तरी सुटल्यासारखी वाटेल.
सहा इलेक्ट्रिक गाड्या, मडगावहून काणकोणला,
पाट्यांवर त्याला पुढचं शतक हवं होतं.

हार्डवेअरच्या दुकानावरच्या खोलीत
मी पहिला नियम लिहून भिंतीला डकवला:
वळण बंद. फक्त रेघा, साठ अंश.
र लगेच तयार झाला, त्याला कुठंतरी जायचंच होतं.
ग, म, न निमूट उभे राहिले,
त कुरकुरला, मग कोपरात मोडला.
क चं पोट दोन त्रिकोणांत कापलं
आणि शिरोरेघेचं टोक तिरकं छाटलं,
कोयत्यानं शहाळं उडवावं तसं.
अनुस्वार ढिगानं लागले. आमची गावं
नाकातूनच बोलतात. केपें, सांगें, लोलयें.
प्रत्येकाच्या डोक्यावर मी एकेक चौकट ठेवली,
टोकावर उभी.

मग आलं पाळोळें.
एका नावात दोन ळ.

चार रात्री गेल्या. कंडक्टर इनासनं
रस्त्यापलीकडून नमुना वाचला:
‘पा... हें कितें गो? पतंगाचें दुकान?’
मी म्हटलं, ळ आहे तो.
तो म्हणाला, मग त्याला बरं नाही.

रविवारी गावडोंगरीला बहिणीकडे
पुरसो मेस्त विहीर बांधत होता.
थर बावीस चिऱ्यांचा. एकही चिरा गोल नाही,
खाणीतून आले तसेच, विटकरी, भोकाभोकांचे.
तासणीनं तो फक्त आतलं तोंड
दोन्ही बाजूंनी बोटभर कमी करायचा,
मांडायचा, एक डोळा मिटून बघायचा,
पुन्हा उचलायचा.
जेवणाची वेळ झाली तेव्हा थर मिटला होता.
मी कठड्यावरून वाकून म्हटलं: ळ.
विहिरीनं तो गोल करून परत दिला.
बहिणीला वाटलं, माझं डोकं फिरलं.

नियम मोडला नाही. रेघा लहान केल्या.
एका ळ ला चोवीस.
जवळून बघितलं तर सगळे कोनच आहेत,
रस्त्यापलीकडून इनासला बरं वाटलं.

गाड्या आल्या. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरनं
लिंबू-मिरची नेमकी अनुस्वारासमोर बांधली.
इनास दारात लोंबकळून
पाळोळें पाळोळें पाळोळें ओरडत राहिला,
पाटीकडे एकदाही न बघता.
मी चहा घेऊन लांब उभी होते,
थोडी रागावलेली.

तेवढ्यात स्टँडच्या दुसऱ्या टोकाला
तारल्यांची पाटी घेतलेली एक बाई थबकली,
तिनं बसवरची अक्षरं बघितली,
साडी वर खोचली
आणि धावत सुटली.

बस चार्जिंगला होती.
निघायला अजून अर्धा तास होता.