हळवं पीक

जूनच्या पहिल्याच दिवशी हर्णैच्या पुळणीवर
लाँच वर ओढली,
इंजिनाच्या नळ्यांची तोंडं चिंध्या कोंबून बंद केली
आणि मी माजघरात येऊन बसलो.
दोन महिने दर्या बंद.
ड्रायव्हरने हात ठेवायचे कुठे?

दापोलीहून पुडी आणली, बुटक्या फरसबीची.
बिया तांबूस, बांगड्याच्या डोळ्याएवढ्या.
दुकानदार म्हणाला, ही हळवी जात,
पन्नास दिवसांत शेंग.
भात आमच्याकडे हळवं असतं, गरवंही असतं.
माणसं मात्र सगळी गरवी.

बिल्किसचाचीने थर्माकोलच्या तीन पेट्या दिल्या,
मासळीच्या, बर्फाचा वास अजून धरून असलेल्या.
बुडाला तापल्या खिळ्याने भोकं पाडली,
तांबडी माती भरली, नारळाच्या सोडणांचा भुसा,
वर मूठभर सुक्या मासळीची कुटी.
तिथेच चुकलं.
रात्री मांजर उतरली पेटीत
आणि पुरलेली मासळी शोधता शोधता
तिने सोळा बिया उकरून
जमिनीवर मांडून ठेवल्या,
लिलावाला वाटे लावावेत तशा.

पुन्हा पेरल्या. वर फाटक्या जाळ्याचा तुकडा ताणला.
चाळीस वर्षांत पहिल्यांदा मी जाळं लावलं
ते कुणी आत येऊ नये म्हणून.

माजघरात ऊन येतं एकाच वाटेने,
छपरातल्या काचेच्या कौलातून.
पोळपाटाएवढा तुकडा.
अकराला खांबापाशी, साडेबाराला जात्यापाशी,
अडीचला उंबऱ्यावर चढतो आणि मावळतो.
मी खडूने रेघा मारल्या, शेजारी वेळ लिहिली
आणि पेट्या सरकवत राहिलो त्याच्यामागे.
शेवंती म्हणाली,
पोरांना कधी एवढं उचलून फिरवलं नाहीत.
खरं होतं.
मी पेटी जात्यापाशी नेली.

आषाढात सलग नऊ दिवस तो तुकडा उतरलाच नाही.
रोपं लांब मानेची झाली, पानं पिठूळ हिरवी.
मग लाँचवरचा जाळीतला दिवा काढून आणला,
काजळलेला, डिझेलच्या वासाचा,
आणि खुंटीला टांगला.
सकाळपर्यंत सगळ्या माना तिकडे वळलेल्या,
पहाटे चहाचं पातेलं उघडलं की खलाशी वळतात तशा.

फुलं आली. पांढरी, करंगळीच्या नखाएवढी.
इथे वारा नाही, मधमाशी नाही,
शेंग धरायची कशी?
मी एकेक फूल बोटाने हलवत बसलो,
काड्यापेटीएवढ्या स्क्रूवर काम करावं तसा श्वास रोखून.
ती आपली आपण धरते,
शेवंती म्हणाली, तुम्ही जरा बाजूला व्हा.

त्याच आठवड्यात घाटात दरड आली.
बाजारात कांदे-बटाटे आणि मोड आलेलं आलं,
घाटावरची एक जुडी नाही.
आणि आमच्याकडे अकरा शेंगा.

अकरा शेंगांची भाजी होत नाही.
शेवंतीने त्या इतक्या बारीक चिरल्या
की मोजता येऊ नयेत.
खोबरं शेंगांहून जास्त.
अर्धी बशी भिंतीपलीकडे गेली
आणि संध्याकाळी परत आली, रिकामी नाही,
दोन खजूर आणि एक निरोप घेऊन:
मीठ जास्त झालंय.

एक ऑगस्टला आम्ही निघालो.
पेट्यांत तेव्हा शेंगा लोंबत होत्या,
बोटभर, वाकड्या, कोवळ्या.
तिसऱ्या दिवशी किनाऱ्याजवळ आल्यावर
फोनला रेंज आली.
तिने मासळीचं विचारलं नाही,
मी शेंगांचं विचारलं नाही.
बराच वेळ तिला माझं इंजिन ऐकू येत असणार,
मला तिच्या पागोळ्या.
मग म्हणाली,
तुमच्या रेघा चुकायला लागल्यात,
ऊन सरकलंय.
पुसून नव्या मारल्या मी.