सोमवारी दार उघडलं

करार रविवारी रात्री बाराला संपला.
मी तेव्हा इस्त्री करत होते,
कामाचाच कोट, पांढरा, खिशापाशी माशाचा वास,
कितीही उकळा, दाद देत नाही.
बारा वाजले.
इस्त्रीने एकदा वाफ सोडली, इतकंच.

सोमवारी पाच वीसची बस.
ब्रेमरहाफेनच्या बंदरावर धुकं,
क्रेनचे नुसते पाय दिसत होते.
फाटकाला कार्ड लावताना श्वास धरला,
लहानपणी गोठलेल्या तळ्यावर
पहिलं पाऊल टाकताना धरायचे तसा.
हिरवा दिवा.
दार उघडलं.
दाराला कुणी सांगितलं नव्हतं.

ओल्टमान्स मुकादम म्हणाला, "मोइन."
रोज म्हणतो तेवढंच.
मी तो एक शब्द दिवसभर उलटापालटा करून बघितला,
आतल्या माणसाला म्हणाला
की वाट चुकून आलेल्या बाईला?

भिंतीवरच्या पाळीपत्रकात
या आठवड्याला माझं नाव आहे, पट्टा तीन.
पुढच्या आठवड्याला ती ओळ कोरी.
खोडलेलं नाही.
दुसऱ्या कुणाचं नाव नाही.
कोरी.

सेवगुल एकोणीस वर्षं इथे आहे.
सुरी न थांबवता, ओठ न हलवता म्हणाली,
"विचारू नकोस. विचारलंस की त्यांना आठवेल.
रोज ये, कुणाच्या तरी नजरेत राहा.
माझ्या भाच्याला असेच विसरले,
आणि तो राहिला."
जेवणाच्या सुट्टीत युनियनचा हायो,
"आजच्या आज लेखी विचार.
बाई, गप्प बसणं म्हणजे काही कागद नव्हे."
दोघांनीही माझ्या खांद्यावर हात ठेवला.
दोघांचेही हात ओले, गार.

काम तेच. उजेडाच्या मेजावर मासा ठेवायचा,
बोटाने चाचपायचं,
जिथे टोचेल तिथे चिमटा.
दिवसभर मी काटे काढते,
घड्याळाचा तेवढा राहतो.

मंगळवारी फेन्याच्या बालवाडीचा फॉर्म आला.
आईचा व्यवसाय. आईचं मालक-कार्यालय.
आई सध्या नोकरीत: होय, नाही.
दोनच चौकोन, आणि दोन्ही केवढेसे,
त्यात माणूस मावतो असं ज्याला वाटलं
त्याची नोकरी पक्की असणार.
मी इथे काम करते.
मी इथे कामाला होते.
दोन्ही वाक्यं जिभेवर ठेवून बघितली.
दोन्हींना चव तीच, मिठाची.
फॉर्म फ्रिजवर लावला, चुंबकाखाली,
आणि रोजगार कार्यालयाच्या पत्राला पाठ करून झोपले.
तिथे गेले तर मीच म्हटल्यासारखं होईल: नाही.
नाही गेले तर म्हणतील, उशीर केलात.

बुधवारी आस्थापनेच्या क्यूकबाई हॉलमध्ये आल्या.
कधी येत नाहीत.
पट्टा एक, पट्टा दोन.
माझ्यापाशी थांबल्या.
"अजून इथेच, श्रीमती टीमान?"
तो प्रश्न होता का, मला आजही सांगता येणार नाही.
"हो," मी म्हटलं.
हातात मासा होता. तो तसाच धरून ठेवला,
जणू तो माझा पुरावा.
त्यांनी मान हलवली आणि जाळीची टोपी सारखी केली,
स्वतःची.

गुरुवारी कपडे बदलायच्या खोलीत कुणी नव्हतं.
पाळीपत्रकाला दोरीने बांधलेली पेन्सिल असते,
आजाराच्या नोंदींसाठी.
कोऱ्या ओळीत मी लिहिलं, वीबके टी., पट्टा तीन.
अगदी हलक्या हाताने,
कुणाला पुसायचं असेल तर त्रास नको.
एवढा विचार मी त्यांचा केला.

शुक्रवारी पाहिलं तर अक्षरं गडद वाटली.
कुणीतरी वरून शाईने गिरवलं असेल.
किंवा दमट हवेने कागद फुगून
पेन्सिलच तशी दिसत असेल.
मी जवळ गेले नाही.
पट्टा सुरू झाला होता.