टिचकी

तुर्भ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं
विजेच्या खांबांवर बसणारे चिनी मातीचे इन्सुलेटर
मी लाकडी हातोडीने वाजवून पाहिले.
अखंड असला तर घंटा.
तडा असला तर खोकला.
बाकीचं शास्त्र साहेबांच्या टेबलावर.

तेवढ्या ओळखीवर
चेंदणीतली मंदाकिनी नाखवा
माशांच्या थर्मोकोलच्या खोक्यातून
बाहुली घेऊन माझ्याकडे आली.
"मास्तर, हिचं काय येल?"
मी मास्तर नाही. पण तिला दुरुस्त केलं नाही.

आधी तिचा गाल माझ्या गालाला लावला.
गार.
भर मेमध्ये, पंखा बंद असताना गार,
म्हणजे प्लास्टिक नाही, प्लास्टर नाही.
चेहऱ्याला झिलई नाही, अंड्याच्या कवचासारखा हात लागतो.
कारखान्यात आम्ही याला बिस्किट म्हणायचो.
नवा पोऱ्या हमखास हसायचा.

भुवया कुंचल्याच्या, एकेक केस सुटा.
वरच्या ओठाआड चार दात, तांदळाच्या कणीएवढे.
टोप उचलला. खाली पुठ्ठ्याची झाकणी,
आणि मानेच्या खळगीत कोरलेलं
आकडे, एक चुकलेलं फूल, जर्मनी.
वय शंभराच्या पुढे, मंदाकिनीच्या आईपेक्षाही.

आडवी केली की डोळे मिटायला हवेत.
उजवा मिटला. डावा नाही.
"तो उघडाच ऱ्हातो," मंदाकिनी म्हणाली,
"उधारी इसरू नये म्हून."

कारण टेंभीनाक्यापलीकडच्या सिगुलाबाई झिराडकर
घर विकून बोटीने इस्रायलला निघाल्या तेव्हा
आठवड्याचा हिशेब राहिला होता.
कोळंबी नाही, चिंबोरी नाही,
त्यांच्यात फक्त खवल्यांचं चालतं:
बोय, जिताडा, एक मोठी रावस सणाची.
अठरा रुपये.
पेट्या बांधून झालेल्या, पैसे पाकिटात शिवलेले,
तर त्यांनी मुलीच्या हातातून बाहुली काढली
आणि मंदाकिनीच्या आईच्या टोपलीत ठेवली.
मुलगी रडली का, हे आईने कधी सांगितलं नाही.
विचारलं की म्हणायची, माझे हात वल्ले होते.

मी हातपाय ओढून पाहिले.
मूळचा रबर केव्हाच गेलेला.
आत जाळ्याचा नायलॉन, आणि त्याला
जाळं विणतानाचीच गाठ.
घेणारा म्हणेल, अस्सल नाही, कापा यातले तीन हजार.
खरं आहे.
गाठ मात्र मला सोडवता आली नाही.

मग नखाने टिचकी मारली.
कपाळ: घंटा.
हनुवटी: घंटा.
डाव्या कानामागे: खोकला.

दिवा मालवून डोक्यात बॅटरी धरली
तसा तो चेहरा आतून उजळला, गुलाबी,
आणि कानापासून मानेपर्यंत उतरलेली
केसाएवढी रेघ दिसली.
तिच्याशेजारी, भिंतीच्या आतल्या अंगाला,
ओली माती साच्यात दाबताना उमटलेला
कुणाचा तरी अंगठा.
लहान. बाईचा असेल, किंवा पोराचा.
आमच्याकडे असा ठसा दिसला की माल बाद.

कागदावर लिहिलं:
तडा नसता तर चाळीस हजार.
आहे तशी, सोळा.
कपडे नंतरचे. डावा डोळा अडकलेला.
अंगठ्याचं लिहिलं नाही,
त्याला कुठला रकाना द्यावा ते सुचेना.

मंदाकिनीने कागद वाचला, ओठांत काही मोजलं.
"सोळा हजाराचा जिताडा," म्हणाली,
"आज किती किलो येल, मास्तर?"
दोघांनी मिळून हिशेब केला. दोनदा चुकला.
"मंग बाईंचंच येनं निघतं माझ्याकं."

बाहुली तिने परत खोक्यात ठेवली, वर ओलं फडकं,
सवयीने. मग लक्षात येऊन ते काढलं.
विकणार का, मी विचारलं नाही.
दारातून वळून तिने एवढंच विचारलं,
आत काय दिसलं, इतका येल बघत होतास.

तडा, मी म्हणालो.