सर्वात योग्य पर्याय निवडा

मे महिना. पारा पंचेचाळीसच्या वर.
त्रिमूर्तीनगर, दुसरा मजला, रात्रीचे अकरा.
कूलरमध्ये दोन बादल्या ओतते आणि बसते.
ऐंशी प्रश्न, नव्वद मिनिटं.

पहिली परीक्षा दिली तेव्हा व्याख्या पाठ केल्या होत्या,
शाळेत नद्या पाठ केल्या तशा:
नाग, पिवळी, कन्हान, पेंच.
ही वरची परीक्षा.
इथे चार ओळींची गोष्ट सांगतात
आणि विचारतात, आता तुम्ही काय कराल?
चारही पर्याय सभ्य,
चारही साहेबांसारखे हसणारे.

“काऊन करून राहिली वं एवढं?”
नणंद फोनवर. “पगार वाढते का त्यानं?”
वाढतो, म्हणते मी.
वाढेलच असं नाही, हे म्हणत नाही.

भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या, तीन रकाने:
करायचं, करून राहिली, झालं.
कूलरचा झोत लागला की ‘झालं’मधली सुटते
आणि ‘करायचं’च्या पायाशी जाऊन पडते.
सकाळी आर्वी त्या चिकटवते, आपल्या मनानं.
त्यामुळे ‘अनेक संघांचा समन्वय’ दोनदा झाला
आणि ‘जोखीम’ एकदाही नाही.

भोजराजभाऊ पंप बदलायला आला, चिठ्ठ्या वाचत उभा राहिला.
“आमचं बी असंच मॅडम. अख्खा कूलर एकदम नाही उघडाचा.
आधी पंप पाहाचा, मंग गवत, मंग मोटर.
अन् दर खेपेले गिऱ्हाईकाले इचाराचं, थंड वाटून राहिलं का?”
त्याने तीनशे घेतले.
माझ्या क्लासची फी अठ्ठावीस हजार.
तिसऱ्या दिवशी पंप पुन्हा बसला, ते वेगळं.

प्रश्न सत्तेचाळीस.
संघातला एक जण म्हणतो, हे काम तेरा पॉइंटचं.
व्यवस्थापनाला पाच हवेत. बाकीचे गप्प.
तुम्ही सर्वप्रथम काय कराल?

नितेश उईके.
मिहान, चौथा मजला, काचेची खोली.
सगळ्यांनी पत्ते एकदम उलटले:
पाच, पाच, तीन, पाच,
आणि तेरा. हात वरच, पत्ता खाली ठेवेना.
“जुन्या बँकेचा डेटा आहे मॅडम,
आत काय निघन, सांगता येत नाही.”
स्क्रीनवर पुण्याचे साहेब, म्यूटवर, घड्याळ बघत.
मी म्हटलं, नितेश, पाच धरू. पुढे पाहू.

पुढे पाहिलं.
तीन शनिवार, दोन रविवार,
बहिणीच्या हळदीला मंडपामागे खुर्चीवर लॅपटॉप,
कीबोर्डवर पिवळी बोटं. हे त्यानेच सांगितलं, हसत.
काम तेराचंच निघालं.
रेट्रोत मी बोर्डावर लिहिलं, ‘काय चांगलं झालं?’
तो म्हणाला, काही नाही.
मी लिहिलं, ‘टीमवर्क’.
ऑगस्टमध्ये राजीनामा.
निरोपाची संत्रा बर्फीही त्यानेच आणली.

अ. मुदत वाढवून घ्या.
ब. सरासरी काढा.
क. तेरा म्हणणाऱ्याला कारण सांगू द्या, संघाला ऐकू द्या.
ड. पाच धरा, पुढे पाहा.

‘क’वर टिचकी मारते.
चौकट हिरवी होते.
अभिनंदन. अनुभवी मार्गदर्शक हे सहज ओळखतो.
एक गुण.

दीड वाजता टाकी कोरडी पडते, पंप नुसताच खरखरतो.
बटण बंद करते.
घरभर उकाडा उतरतो, रिंग रोडवरून एक ट्रक जातो.
फोनमध्ये तो अजून ‘नितेश टेस्टिंग’ आहे.
शेवटचा मेसेज दिवाळीचा, पणती, त्याचा.
खाली माझं काहीच नाही.

अठ्ठेचाळिसावा प्रश्न उघडा, घड्याळ चालू.
एक कोरी चिठ्ठी काढते, नाव लिहिते,
पहिल्या रकान्यात लावते, अंगठ्यानं दाबते.
कूलर बंद आहे तोवर
ती हलत नाही.